गुप्ते काकांचा एकुलता एक शब्द

पनवेलच्या एस.टी. स्टँडवर एक गृहस्थ रोज दुपारी, हातात काहीही सामान नसताना, "हमाल, हमाल" करत फिरायचे. एखादा हमाल नवीन असला की धावत यायचा. "कंची गाडी, काका? सामान कुठं हाय?" त्यावर हे गृहस्थ त्याला हातानं थोपवून म्हणायचे, "हमाल नकोय रे बाबा. हमालाचा अर्थ हवाय." आणि बंगळूरच्या गाडीतून उतरून चहाच्या टपरीकडे निघालेल्या एखाद्या प्रवाशाला अडवून विचारायचे, "माफ करा हं, तुमच्याकडे हमालाला काय म्हणतात?"

हे आमचे गुप्ते काका. नव्वद सालाच्या आगेमागे आम्ही लाईन आळीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो, आणि ते दुसऱ्या मजल्यावर.

माणसं काय काय जमवतात. कुणी पोस्टाची तिकिटं, कुणी जुनी नाणी. आमच्या घरमालकांनी तर औषधाच्या रिकाम्या बाटल्या जमवल्या होत्या. गुप्ते काकांनी एकच शब्द जमवला. त्यांना भाषाशास्त्रज्ञ वगैरे म्हणायची सोय नव्हती, कारण दुसऱ्या कुठल्याही शब्दाबद्दल ते लगेच हात वर करत. एकदा माझ्या नवऱ्यानं, विलासनं, सहज विचारलं, "काका, 'चावी' हा शब्द मूळचा पोर्तुगीज म्हणतात, खरं का?" काका म्हणाले, "असेल. मी चावीत लक्ष घालत नाही."

आमची पहिली भेट फारशी बरी झाली नाही. आम्ही राहायला येऊन महिना झाला असेल. मला दिवस गेले होते. ही बातमी मी फक्त दूधवाल्या मावशींना सांगितली होती, म्हणजे सगळ्या आळीला सांगितली होती. रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. दारात पांढरा पायजमा, इस्त्रीचा शर्ट, कानांवर केसांचे झुबके असलेले गृहस्थ, हातात पेढ्यांचा पुडा. नमस्कार करून हसतमुखानं म्हणाले, "अभिनंदन! तुम्ही हमाल झालात असं कळलं."

विलास आतून दात घासतच बाहेर आला. "कोण हमाल?"

"तुमच्या सौभाग्यवती."

विलासच्या तोंडात फेस होता म्हणून बरं. काकांना मात्र काही चुकलंय असं वाटलंच नाही. त्यांनी पुडा माझ्या हातात दिला आणि उभ्या उभ्याच समजावून सांगितलं. हमाल शब्द अरबी. मुळात 'वाहून नेणं'. जो पोतं वाहतो तो हमाल, आणि जी पोटात जीव वाहते ती हामिला. तुर्कस्तानातही तेच, हमाल आणि हामिले. "शब्दाचं घर एकच. एकाच्या पाठीवर, दुसरीच्या पोटात. टॅली!"

'टॅली' हा त्यांचा जयघोष. मुंबईच्या गोदीत ते टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरलेला माल कागदाप्रमाणे आहे ना, हे पडताळण्यात नोकरी गेली. त्यामुळे कुठल्याही भाषेतला हमाल आपल्या हमालाशी जुळला की ते एक बोट वर करून "टॅली!" म्हणत, आणि नाही जुळला तर समोरच्याचं सांत्वन करत. केरळच्या एका नर्सबाईंनी त्यांच्या भाषेत हा शब्दच नाही असं सांगितलं, तेव्हा काका त्यांना म्हणाले, "असू दे, असू दे. तुमचा काही दोष नाही."

गोदीच्या आठवणीनं मात्र ते कासावीस होत. "रुमानियाची जहाजं यायची हो. तुर्कांची यायची. झांजिबारची यायची. खलाशी वरून ओरडायचे, हमाल, हमाल! त्यांच्या त्यांच्या भाषेत, आणि शब्द आपलाच! सगळं जग माझ्या समोरून गेलं आणि मी मेला पोती मोजत बसलो."

मग ती कसर ते पनवेलमध्ये भरून काढत. इथे सोय चांगली होती. कोकणात, गोव्यात, कर्नाटकात, हैदराबादेत जाणारी प्रत्येक गाडी स्टँडवर टेकायची. मोहल्ल्यात नजीरभाई होते. जहाजावर भंडारी म्हणून स्वयंपाक करत त्यांनी निम्मी पृथ्वी पाहिली होती. ते गुप्ते काकांचे मुख्य पुरवठादार. एकदा टपरीवर पेपर वाचत कुणीतरी म्हणालं, "बघा, पुन्हा हमला झाला." काका ताडकन वळले. "हमला! हाही आपल्याच घरातला. अंगावर चालून जाणं म्हणजे दुसऱ्यावर आपलं ओझं टाकणंच की नाही? काय नजीरभाई?" नजीरभाई बशीतला चहा फुंकत म्हणाले, "गुप्तेसाहब, तहम्मुल. जरा तहम्मुल." म्हणजे धीर धरा, सोसा. काकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि बोट वर केलं. "तहम्मुल! ह, म, ल! टॅली!" नजीरभाईंनी कपाळाला हात लावला.

स्टँडवरच्या हमालांना आधी वाटलं, हा माणूस सरकारी दिसतो. मग वाटलं, युनियनचा. शेवटी त्यांनी ठरवलं की ह्यो निरुपद्रवी हाय. बाळाराम नावाचा त्यांच्यातला म्होरक्या होता, आडव्या अंगाचा, डोक्याला लाल मुंडासं. तो म्हणायचा, "काका, आमी वझी उचलतो आन् तुमी आमचं नाव उचलता. दोगंबी दमत नाय."

मला काकांची खरी ओळख झाली ती आडवं पडल्यावर. माझं पहिलं गरोदरपण अर्ध्यातच संपलं होतं, साताऱ्याला असताना. या वेळी पाचवा लागला आणि पुन्हा तशीच लक्षणं दिसायला लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता पलंगावरून उठायचं नाही. जिने चढायचे नाहीत, वाकायचं नाही, आणि काळजी करायची नाही. पहिल्या तीन गोष्टी जमल्या. विलास तळोज्याच्या कंपनीत शिफ्टमध्ये. आईला वडिलांच्या दुखण्यातून सुटून यायला अवकाश होता. एक बाई सकाळी स्वयंपाक करून जायच्या. नंतरची आख्खी दुपार मी छताकडे बघत पडलेली असायचे. पोटावर हात ठेवायचीसुद्धा भीती वाटायची. वाटायचं, आपण हात ठेवला आणि आत काही नसलं तर?

अशा एका दुपारी गुप्ते काका आले. दार सताड उघडं ठेवून त्यांनी खुर्ची बरोबर उंबऱ्यात मांडली, निम्मी आत, निम्मी बाहेर. आळीला बोलायला जागा नको. मग रोज यायला लागले. दुपारी काकूंजवळ बसायला एक बाई येई, तेवढा तासाभराचा त्यांचा वेळ. निम्मा स्टँडवर आणि निम्मा माझ्या उंबऱ्यात. काकू आजारी असतात, अंथरुणावरच असतात, एवढं आळीला ठाऊक होतं. वर ते कुणाला नेत नसत. मला तर जिना चढायचीच बंदी.

"कशा आहेत काकू?" मी विचारायचे.

"मजेत. आज बोलल्या बऱ्याच." एवढं म्हणून ते विषयावर येत. आणि विषय एकच.

माझं मन कुठे लागावं म्हणून त्यांनी दुसरं काही करायला हवं होतं. पोथी वाचायची, बागेतली फुलं आणायची. ते रोज मला हमाल आणून देत. कानडीत हमाली. तेलुगूतही हमाली. ग्रीसमध्ये हमालिस. साहेबाच्या काळात मुंबईच्या बंगल्यांत खुर्च्या-टेबलं पुसणारा नोकर, तोही हमाल. एक दिवस आले ते दारातूनच ओरडत. नजीरभाईंच्या ओळखीचा एक म्हातारा आफ्रिकेतून परतला होता. "तिकडे स्वाहिलीत 'स्टाहिमिली' म्हणतात. सोसणं, टिकून राहणं! मूळ आपलंच! बघा, एवढ्या लांब समुद्रापलीकडे काळी माणसं, गोरी माणसं, सगळी सोसायला एकच शब्द वापरतात."

मी म्हटलं, "काका, मला नाही सोसवत हो." आणि एकदम रडायलाच लागले. इतके दिवस विलाससमोर रडले नव्हते. तो बिचारा आधीच रात्रपाळी करून यायचा.

काका गडबडले. त्यांनी खिसे चाचपले, रुमाल सापडला, तो स्वच्छ आहे ना ते पाहिलं, आणि उंबऱ्यातून हात लांब करून माझ्याकडे टाकला. तो जमिनीवर पडला. मग म्हणाले, "पोरी, मी गोदीत उभा जन्म काढला. हमाल रडताना पाहिलेत मी. पोतं खाली टाकताना नाही पाहिले."

का कोण जाणे, त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटावर हात ठेवून झोपले.

सातवा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. चैत्रातलं रणरणतं ऊन. पाण्याची नळजोडणी करायला आळी खणून ठेवलेली, मातीचे ढिगारे, त्यावर टाकलेल्या फळ्या. जेवण झालं आणि कळा सुरू झाल्या. मी शेजारच्या वहिनींना हाक मारली. त्या आल्या, आणखी दोघीतिघी आल्या. विलास कंपनीत. रिक्षा नाक्याच्या पुढे येऊ शकत नव्हती. कुणी म्हणालं चालवत नेऊ, कुणी म्हणालं चादरीत घालून उचलू. तेवढ्यात काका आले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"हात लावू नका तिला," एवढंच म्हणाले. "माणूस उचलणं हे येरागबाळ्याचं काम नाही. मला माहीत आहे." आणि त्या खणलेल्या आळीतून, फळ्यांवरून, म्हातारा माणूस पायजमा वर धरून पळत सुटला.

ते रिक्षा घेऊन स्टँडवर गेले होते. परत आले ते बाळाराम आणि त्याच्या जोडीदाराला घेऊन. वरून स्वतःची वेताची आरामखुर्ची आणली. बाळारामनं खुर्चीला दोऱ्या बांधल्या, मुंडासं सोडून माझ्या कमरेपाठी उशीसारखं घातलं. "वयनी, घाबरू नका. डोलं मिटा. आमी हाव ना." आणि जोडीदाराला म्हणाला, "कांदंबटाटं नाय, जीव हाय. पाय बगून टाक रं."

मी पुष्कळ वाहनांतून फिरले आहे, पण त्या खुर्चीइतकं अलगद मला कुणी नेलं नाही. बायका दारात उभ्या. काका थेट दवाखान्यापर्यंत माझ्या बाजूनं छत्री धरून चालले, स्वतः उन्हात. फळी आली की ते "फळी" म्हणत. ढिगारा आला की "ढिगारा". बस्स. त्या दिवशी त्यांना हमाल हा शब्द एकदाही आठवला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता, किंवा हिसके बसले असते, तर सांगता आलं नसतं. दवाखान्यात दहा-बारा दिवस ठेवून कळा थोपवल्या. आई आली. आणि नीट दिवस भरून माझी मुलगी झाली, चांगली गुबगुबीत. तिचं नाव आम्ही मैत्रेयी ठेवलं. बाळाराम बारशाला आला होता. त्यानं तिला तळहातावर घेऊन वजन सांगितलं, आणि दवाखान्याच्या काट्याशी ते जुळलं नाही म्हणून काटा खराब आहे असं जाहीर केलं. काका बारशाला आले, पेढा घेतला आणि घाईनं वर गेले. काकू एकट्या होत्या.

सव्वा महिना झाल्यावर मी ठरवलं, आता जिना चढायचा. मुलीला घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. काकांनी दार उघडलं आणि दारातच अडखळले. "कशाला त्रास घेतलास? मी आलो असतो खाली." पण आतून आवाज आला. बाईचा, खणखणीत, विचारल्यासारखा.

"हमाल?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मग बाजूला झाले. "ये. विचारतेय, कोण आलंय."

खिडकीशी पलंग होता. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. केस विंचरून घट्ट अंबाडा घातलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. मला पाहून अर्धा चेहरा हसला. "हमाल, हमाल," त्या म्हणाल्या आणि डाव्या हातानं पलंगाची कड थोपटली.

"बस म्हणतेय," काका म्हणाले.

मी बसले. काकूंनी बाळाकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, मग खूप काही बोलल्या. चढउतार, प्रश्न, थोडी काळजी, शेवटी चक्क थट्टा. सगळं त्या एका शब्दात. काका एकेक सांगत गेले. "त्रास फार झाला का, विचारतेय. आता म्हणतेय पंखा मंद करा." त्यांनी पंखा मंद केला. काकूंनी जोरजोरात मान हलवली. "हमाल!" काका म्हणाले, "बरं, पंखा नव्हे. चहा." काकूंनी समाधानानं डोळे मिटले.

स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून काकांनी मला सांगितलं. रिटायर झाल्यावर मुंबईची जागा सोडून ते पनवेलला आले. सामान वर चढवताना लोखंडी कपाट जिन्यात अडकलं. काकू वरून कठड्याशी उभ्या राहून सूचना देत होत्या. त्यांनी हाक मारली, "हमाल—" आणि तिथेच कोसळल्या. डोक्यातली शीर. पंधरा दिवसांनी शुद्धीवर आल्या, तेव्हा सगळे शब्द गेले होते. तेवढा एक राहिला होता.

"वाक्य पुरं झालंच नाही," काका म्हणाले. चहाला उकळी आली होती, ती त्यांनी फुंकर मारून बसवली. "आधी मी कानांवर हात ठेवायचो. वाटायचं, देवानं ठेवायचा तर दुसरा एखादा शब्द नाही का ठेवायचा? राम ठेवायचा. माझं नाव ठेवायचं. मग म्हटलं, जिच्याकडे एकच शब्द आहे, तिचा शब्द निदान मोठा तरी असावा. त्यात जेवढं मावेल तेवढं मी आणून भरतो. रोज संध्याकाळी तिला सांगतो, आज तुझ्या शब्दात हे आलं, आज ते आलं. तिला आवडतं. दमली की तहम्मुल म्हणते, असं मी धरतो. रागावली की हमला. ते तर सारखंच."

 मैत्रेयी रडायला लागली आणि मला तोंड वळवायला निमित्त मिळालं.

त्यानंतर आम्ही मायलेकी रोज वर जायला लागलो. मैत्रेयी काकूंची भाषा माझ्या आधी शिकली. त्या दोघी तासन्‌तास बोलायच्या. आई-बाबा म्हणायच्या आधी माझी मुलगी "अमाल" म्हणाली, आणि विलासनं ते अजून मला माफ केलेलं नाही.

एका दिवाळीच्या आधी दिघोडकर सर काकांना शोधत आळीत आले. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, इथल्याच शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. काकांनी त्यांना कधीतरी बाजारात गाठून नेहमीचा प्रश्न विचारला होता. सर सिनेगॉगमध्ये हिब्रू वाचायचे, पण अर्थाची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी इस्रायलहून भाचा यायची वाट पाहिली. काका त्या वेळी माझ्या उंबऱ्यातच बसले होते.

"गुप्ते, आहे तुमचा शब्द. ते जरा घशातून खमाल म्हणतात," सर म्हणाले. "पण पोत्याशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ, त्याला दया आली. कळवळा आला. एखाद्याला त्रास होऊ नये म्हणून जपणं. मूळ तुमच्या अरबीशी एक आहे का, ते भाच्याला सांगता येईना. कुणी हो म्हणतात म्हणे."

काकांनी बोट वर केलं नाही. सरांचे आभार मानले, त्यांना चहा घ्यायचा आग्रह केला, नाक्यापर्यंत पोचवलं. परत येऊन खुर्चीत बसले.

"काय झालं, काका? एवढा सुंदर अर्थ मिळाला."

"सुंदर आहे," ते म्हणाले. "पण पोरी, मी इतकी वर्षं काय धरून चाललो होतो? तिला मी उचलतो, बसवतो, न्हाऊ घालतो. वाटायचं, हा शब्द माझ्याबद्दल आहे. मी तिचा हमाल. मी वाहतोय." त्यांनी वर जिन्याकडे पाहिलं. "पहाटे मी तिला उठवायला जातो ना, माझी कंबर धरलेली असते. मी वाकलो की ती आधी माझ्या कमरेला हात लावते आणि म्हणते. रोज म्हणते. मला वाटायचं, उचल म्हणतेय."

मला त्या माणसाचे किती आभार मानायचे होते. माझ्या कुशीत जी होती ती त्यांच्यामुळे होती. दुपारच्या दुपार त्यांनी मला एकटं पडू दिलं नव्हतं, आणि स्वतः मात्र घरात किती एकटे आहोत, हे कधी कळू दिलं नव्हतं. पण आता वाटलं, ते एकटे नव्हतेच. वर कुणीतरी सतत त्यांची काळजी करत होतं. त्यांना ते ऐकू आलं नव्हतं, एवढंच.

"चला वर," मी म्हटलं.

मैत्रेयीला कडेवर घेऊन मी त्यांच्या मागून जिना चढले. काकू खिडकीशी बसल्या होत्या. काकांचा चेहरा पाहिला आणि त्यांचं हसू मावळलं. काका पलंगाच्या कडेला बसले, नेहमीसारखं काही सांगायला तोंड उघडलं, पण जमेना. काकूंनी डावा हात उचलून त्यांच्या पाठीवर ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "हमाल."

काका या वेळी अर्थ सांगायला माझ्याकडे वळले नाहीत.  काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी मैत्रेयीला घेऊन बाहेर आले आणि त्यांचं दार अलगद ओढून घेतलं.